राष्ट्रपती राजवट आणि पक्षांचे बदलते युक्तिवाद

भारतीय राज्यघटनेचे ३५६ वे कलम शब्दांनी फारसे मोठे नाही. एखाद्या राज्याचा कारभार घटनेतील तरतुदींनुसार चालू शकत नाही अशी राष्ट्रपतींची खात्री झाली तर त्यांना त्या राज्याची सूत्रे स्वतःकडे घेता येतात, हा त्याचा आशय आहे. ही खात्री राज्यपालांच्या अहवालावरून होऊ शकते किंवा अन्य मार्गांनीही होऊ शकते. राष्ट्रपती हे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात; त्यामुळे राष्ट्रपतींची खात्री म्हणजे व्यवहारात केंद्रातील सत्तारूढ पक्षाची खात्री असा अर्थ होतो. राष्ट्रपतींच्या उद्घोषणेला दोन महिन्यांच्या आत संसदेच्या दोन्ही सभागृहांची संमती मिळवावी लागते. पुढे दर सहा महिन्यांनी ती संमती नव्याने घ्यावी लागते, आणि कोणत्याही परिस्थितीत तीन वर्षांपलीकडे ही राजवट चालू शकत नाही.

घटना समितीत या तरतुदीवर ३ व ४ ऑगस्ट १९४९ रोजी चर्चा झाली. तिच्यावर १९३५ च्या कायद्यातील ९३ व्या कलमाची छाया होती, आणि ते कलम सभासदांच्या चांगलेच परिचयाचे होते. १९३९ साली काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिल्यावर ब्रिटिश गव्हर्नरांनी त्याच कलमाच्या आधारे प्रांतांचा कारभार चालवला होता. परकीय सत्तेचे हे हत्यार स्वतंत्र भारताच्या घटनेत कशासाठी, असा प्रश्न उपस्थित झाला. ह. वि. कामथ यांनी तर 'अन्य मार्गांनी' या अर्थाच्या शब्दावरच कडक आक्षेप घेतला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर देताना या अधिकाराचा दुरुपयोग होणारच नाही अशी हमी दिली नाही. हे कलम कधी वापरावे लागणार नाही, ते कागदावरच राहील, अशी आशा मात्र त्यांनी व्यक्त केली. आणि वापरावे लागलेच तर राष्ट्रपती आधी राज्याला इशारा देतील, तेवढ्याने भागले नाही तर निवडणूक घेऊन लोकांनाच निर्णय करू देतील आणि हे दोन्ही उपाय थकल्यावरच सूत्रे हाती घेतील, अशी अपेक्षा बोलून दाखवली.

ती आशा फलद्रूप झाली नाही. आजवर शंभराहून अधिक वेळा या कलमाचा वापर झाला आहे. त्यांपैकी बरेच प्रसंग निर्विवाद होते, हेही सांगितले पाहिजे. कोणत्याही पक्षाला बहुमत नसेल आणि मंत्रिमंडळच बनत नसेल तर दुसरा मार्ग उरत नाही. प्रस्तुत प्रकरणाचा विषय वेगळा आहे. या कलमाच्या बाजूने आणि विरुद्ध जे युक्तिवाद झाले ते कोणी, केव्हा आणि कोणत्या बाकांवरून केले, याचा मागोवा घेतल्यास राजकीय पक्षांच्या तत्त्वनिष्ठेविषयी आणि त्यांनी उभारलेल्या चळवळींविषयी सामान्य नागरिकाने किती विश्वास बाळगावा, या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो.

पहिला वापर जून १९५१ मध्ये पंजाबात झाला. तेथे गोपीचंद भार्गव यांचे मंत्रिमंडळ काँग्रेसचेच होते आणि भांडणही काँग्रेसअंतर्गतच होते. खरा वाद पेटला तो आठ वर्षांनी, केरळात.

१९५७ च्या निवडणुकीत केरळ विधानसभेच्या १२६ जागांपैकी ६० जागा कम्युनिस्ट पक्षाला मिळाल्या आणि पाच अपक्षांच्या पाठिंब्यावर ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांनी ५ एप्रिल रोजी मंत्रिमंडळ बनवले. या मंत्रिमंडळाने हाती घेतलेल्या दोन विधेयकांनी समाजातील बलिष्ठ गट दुखावले गेले. एक जमीनसुधारणांचे, आणि दुसरे शिक्षणाचे. राज्यातील पुष्कळशा शाळा ख्रिस्ती धर्मपीठाच्या, नायर सर्व्हिस सोसायटीच्या किंवा अन्य खासगी चालकांच्या हाती होत्या. शिक्षकांची निवड लोकसेवा आयोगाने तयार केलेल्या यादीतून व्हावी, त्यांचा पगार सरकारने थेट द्यावा, आणि प्रसंगी शाळा सरकारने ताब्यात घ्यावी, अशा तरतुदी शिक्षण विधेयकात होत्या. राष्ट्रपतींनी ते सर्वोच्च न्यायालयाच्या अभिप्रायासाठी पाठवले. न्यायालयाने १९५८ साली अल्पसंख्याकांच्या संस्थांबाबत काही कलमांना हरकत घेतली. सुधारलेल्या विधेयकाला पुढे संमतीही मिळाली. घटनेने आखून दिलेला मार्ग तो हाच.

परंतु जून १९५९ मध्ये 'विमोचन समर' या नावाने ओळखले जाणारे आंदोलन सुरू झाले. नायर सर्व्हिस सोसायटीचे वृद्ध नेते मन्नत्तु पद्मनाभन त्याच्या अग्रभागी होते. ख्रिस्ती धर्मपीठ, मुस्लिम लीग, प्रजासमाजवादी पक्ष आणि काँग्रेस हे सर्व त्यात उतरले. शाळा व कचेऱ्यांपुढे निरोधन झाले, हजारोंनी अटक करवून घेतली. १३ जून रोजी अंगमाली येथे पोलिसांच्या गोळीबारात सात माणसे मरण पावली. ३१ जुलै १९५९ रोजी नंबुद्रिपाद मंत्रिमंडळ बडतर्फ झाले आणि विधानसभा विसर्जित करण्यात आली. त्या दिवशीही सभागृहात त्यांचे बहुमत अबाधित होते. काँग्रेसच्या अध्यक्षा त्या वेळी इंदिरा गांधी होत्या.

काँग्रेसचा युक्तिवाद असा होता: निवडणुकीतील विजय म्हणजे पाच वर्षांचा मुक्त परवाना नव्हे, लाखो माणसे रस्त्यावर उतरतात तेव्हा सरकारने लोकांचा विश्वास गमावलेला असतो. कम्युनिस्टांचा युक्तिवाद याच्या नेमका उलट होता: लोकांचा विश्वास मतपेटीत आणि सभागृहात मोजला जातो, रस्त्यावरच्या गर्दीने नव्हे. दोन्ही युक्तिवादांना वजन आहे. अडचण एवढीच, की ज्यांच्या तोंडी ते होते त्यांची पूर्वीची वर्तणूक त्यांच्याशी जुळत नव्हती. तेलंगणातील सशस्त्र लढा मागे घेऊन कम्युनिस्ट पक्षाला जेमतेम आठ वर्षे झाली होती. त्या लढ्याच्या काळात मतपेटीचे पावित्र्य त्याला फारसे जाणवले नव्हते. आणि काँग्रेस? केरळपूर्वी अवघ्या तीन-चार वर्षांमागे मुंबई राज्यात संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसे रस्त्यावर उतरली तेव्हा, जमावाच्या दडपणापुढे निर्वाचित सरकार वाकणार नाही, असे त्याच पक्षाचे सरकार सांगत होते. त्या चळवळीत शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली. मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. त्यांचे नाव या कथेत पुन्हा येणार आहे.

प्रजासमाजवादी पक्षाची स्थिती आणखीच चमत्कारिक होती. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या व्यासपीठावर एस. एम. जोशी आणि कॉम्रेड डांगे शेजारी शेजारी बसत असताना केरळात त्यांचे पक्ष एकमेकांविरुद्ध उभे होते. फेब्रुवारी १९६० च्या निवडणुकीत काँग्रेस, प्रजासमाजवादी व मुस्लिम लीग यांच्या युतीने कम्युनिस्टांना ६० वरून २९ जागांवर आणले, आणि प्रजासमाजवादी पक्षाचे पट्टम थाणू पिळ्ळै मुख्यमंत्री झाले. मात्र कम्युनिस्टांना मिळालेल्या मतांचे प्रमाण १९५७ पेक्षा वाढले होते. लोकांचा विश्वास उडाला होता की नव्हता, याचे उत्तर जागा मोजणाऱ्याला एक मिळाले आणि मते मोजणाऱ्याला दुसरे.

पंधरा वर्षांनी हाच खटला उलट्या बाजूंनी पुन्हा उभा राहिला. १९७४ च्या आरंभी गुजरातमध्ये महागाई व भ्रष्टाचार यांविरुद्ध विद्यार्थ्यांचे नवनिर्माण आंदोलन भडकले. ९ फेब्रुवारीला चिमणभाई पटेल यांनी राजीनामा दिला आणि विधानसभा विसर्जित व्हावी म्हणून मोरारजी देसाई यांनी मार्चमध्ये उपोषण आरंभले. ऑगस्ट १९५६ मध्ये महागुजरात आंदोलनाच्या दंगलींच्या वेळी याच मोरारजींनी अहमदाबादेत उपोषण केले होते. पण ते जमावाने शांत व्हावे म्हणून. आता ते जमावाची मागणी मान्य व्हावी म्हणून उपोषणाला बसले. विधानसभा विसर्जित झाली. बिहारात १८ मार्चपासून विद्यार्थ्यांचे आंदोलन सुरू झाले, जयप्रकाश नारायण यांनी त्याचे नेतृत्व स्वीकारले आणि तेथील विधानसभाही विसर्जित करण्याची मागणी पुढे आली. लोकप्रतिनिधींनी विश्वास गमावला तर पाच वर्षे वाट न पाहता त्यांना परत बोलावण्याचा हक्क लोकांना असला पाहिजे, ही जयप्रकाशांची भूमिका होती.

१९५९ साली लोकांच्या उठावाला मान देऊन केरळचे मंत्रिमंडळ घालवा असे म्हणणाऱ्या इंदिरा गांधी आता पंतप्रधान होत्या. निर्वाचित विधानसभा रस्त्यावरच्या मागणीने मोडणे म्हणजे लोकशाहीलाच सुरुंग लावणे आहे, असे आता त्यांचे म्हणणे होते. यात सुसंगत राहिला तो केवळ भारतीय कम्युनिस्ट पक्ष. १९५९ साली त्याने रस्त्यापेक्षा सभागृह श्रेष्ठ मानले आणि १९७४ मध्येही तेच मानून तो काँग्रेसच्या बाजूने उभा राहिला. मात्र या सुसंगतीमुळे त्याला श्रेय द्यावे काय, याचा विचार करावा लागेल. कारण दोन्ही वेळी ती भूमिका पक्षाच्या सोयीची होती, आणि पुढच्याच वर्षी आणीबाणीत सभागृहांचे जे झाले त्यालाही त्याने आरंभी पाठिंबाच दिला. सुसंगती हे प्रामाणिकपणाचे लक्षण असेलच असे नाही. तशीच विसंगती हे अप्रामाणिकपणाचेही असेलच असे नाही.

या दुसऱ्या विधानाचे उदाहरण स्वतः आंबेडकरच आहेत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील अखेरच्या मोठ्या भाषणात त्यांनी सत्याग्रह, असहकार आणि कायदेभंग हे मार्ग आता सोडून द्यावेत असे बजावले आणि हे मार्ग अराजकाकडे नेतील असा इशारा दिला. हे सांगणारा पुरुष १९२७ साली महाडच्या तळ्यावर आणि १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रहाचा नेता होता. वरवर पाहता ही विसंगती आहे. परंतु त्यांनी तिचे कारण त्याच भाषणात दिले होते: सनदशीर मार्ग बंद असताना अन्य मार्गांचे समर्थन होऊ शकते, ते मार्ग खुले झाल्यावर होऊ शकत नाही. हे कारण सांगणाऱ्यालाही बांधून घेणारे आहे. ते कोणालाही तपासता येते आणि मित्र असो वा विरोधक, दोघांनाही सारखेच लावता येते. ते मान्य करावेच असे नाही. मार्ग कागदावर खुले असून प्रत्यक्षात बंद असतात, असे बिहारातील विद्यार्थ्यांनी म्हटले असते, आणि त्या म्हणण्यात तथ्यही होते. परंतु वाद तेथे होऊ शकतो. 'आमची गर्दी म्हणजे जनता आणि तुमची गर्दी म्हणजे जमाव' या भूमिकेशी मात्र वाद करता येत नाही, कारण तिच्यात कारणच दिलेले नसते.

मार्च १९७७ मध्ये जनता पक्ष सत्तेवर आला. आणीबाणीत तमिळनाडूचे द्रमुक मंत्रिमंडळ आणि गुजरातचे जनता मोर्चाचे मंत्रिमंडळ गेलेले त्याच्या नेत्यांनी पाहिले होते. तरीही १८ एप्रिल रोजी गृहमंत्री चरणसिंग यांनी नऊ काँग्रेसशासित राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्रे लिहून विधानसभा विसर्जित करण्याचा सल्ला राज्यपालांना द्यावा असे सुचवले. त्यांचे कारण एकच: लोकसभेच्या निवडणुकीत त्या राज्यांत काँग्रेसचा पराभव झाला, तेव्हा तिच्या राज्य सरकारांनाही लोकांचा आधार उरला नाही. काही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. सात न्यायाधीशांच्या पीठाने त्यांचे अर्ज फेटाळले आणि ३० एप्रिल रोजी कार्यवाह राष्ट्रपती बा. दा. जत्ती यांनी उद्घोषणांवर स्वाक्षरी केली. पंतप्रधान मोरारजी देसाई होते. राज्यसभेत जनता पक्षाला बहुमत नव्हते. पण संसदेच्या संमतीविना उद्घोषणा दोन महिने टिकते, आणि तेवढ्या अवधीत निवडणुका उरकता येत होत्या. येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. राष्ट्रपतींची खात्री अंतिम समजावी, तिला न्यायालयात आव्हान देता येऊ नये, अशी तरतूद १९७५ साली आणीबाणीतच ३८ व्या दुरुस्तीने घटनेत घातली गेली होती. आणीबाणीच्या विरोधात निवडून आलेल्या सरकारने नऊ विधानसभा विसर्जित केल्या तेव्हा ती तरतूद घटनेत तशीच होती. पुढे १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने याच सरकारने ती काढून टाकली, हे त्याच्या जमेस धरले पाहिजे.

१७ फेब्रुवारी १९८० रोजी, पुन्हा सत्तेवर आलेल्या इंदिरा गांधींच्या सरकारने नऊ राज्यांच्या विधानसभा विसर्जित केल्या. आकडाही तोच आणि कारणही तेच. महाराष्ट्रातील शरद पवार यांचे पुलोद मंत्रिमंडळ त्यात गेले. १९७७ साली हा युक्तिवाद लोकशाहीविरोधी आहे असे म्हणणारे आता तो वापरत होते आणि तो शोधून काढणारे त्याचा निषेध करीत होते. नऊपैकी आठ राज्ये काँग्रेसने जिंकली, त्यामुळे युक्तिवाद खरा ठरला असे कोणास वाटेल. नववे राज्य तमिळनाडू. तेथे जानेवारीत लोकसभेच्या ३९ जागांपैकी एम. जी. रामचंद्रन यांच्या अण्णा द्रमुक पक्षाला केवळ दोन मिळाल्या होत्या. लोकांचा आधार उरला नाही याचा याहून ठळक पुरावा कोणता? परंतु काही महिन्यांतच झालेल्या विधानसभेच्या निवडणुकीत त्याच मतदारांनी त्याच पक्षाला २३४ पैकी १२९ जागा दिल्या. दिल्लीसाठी एक आणि मद्राससाठी दुसरा, असा विवेक मतदार करू शकतो, हे दोन्ही राष्ट्रीय पक्षांनी गृहीत धरलेच नव्हते.

या घटनांनंतर सर्वच राजकीय भाषणांकडे पाठ फिरवावी, असे वाचकाला वाटले तर ते स्वाभाविक आहे. सगळे सारखेच, हा निष्कर्ष काढायला सोपा असतो. परंतु त्यात एक चूक दडलेली आहे. वक्ता खोटा ठरला म्हणजे युक्तिवाद खोटा ठरत नाही. बहुमत सभागृहात मोजावे, हे १९५९ सालच्या कम्युनिस्टांचे म्हणणे त्यांच्या तेलंगणातील इतिहासामुळे चुकीचे होत नाही. १९७७ च्या काँग्रेसचे तेच म्हणणे तिच्या केरळमधील कृतीमुळेही होत नाही. उलट, परस्परांचे वैरी असलेले पक्ष विरोधात बसल्यावर आळीपाळीने त्याच एका नियमाचा आश्रय घेतात, याचा अर्थ त्या नियमाची गरज प्रत्येकाला पडते असा होतो. प्रश्न उरतो तो त्याला सत्तेत असतानाही बांधून ठेवण्याचा. आणि हे काम सत्ताधारी पक्षांच्या सदिच्छेवर सोडता येत नव्हते.

ते काम शेवटी एका बडतर्फ मुख्यमंत्र्याच्या अर्जातून झाले. केंद्र-राज्य संबंधांविषयी १९८३ साली नेमलेल्या सरकारिया आयोगाने, हे कलम अखेरचा उपाय म्हणूनच वापरावे अशी शिफारस १९८८ साली केली होती. पुढच्याच वर्षी, २१ एप्रिल १९८९ रोजी, कर्नाटकातील जनता दलाचे मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई यांचे मंत्रिमंडळ बडतर्फ झाले. काही आमदारांनी पाठिंबा काढल्याचे राज्यपालांनी कळवले होते. सभागृह बोलावून बहुमत सिद्ध करण्याची बोम्मई यांची तयारी असूनही त्यांना ती संधी मिळाली नाही. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ११ मार्च १९९४ रोजी निकाल दिला. मंत्रिमंडळाला बहुमत आहे की नाही याची कसोटी विधानसभेच्या सभागृहातच लागली पाहिजे, राज्यपालांच्या निवासस्थानी नव्हे. उद्घोषणेचा आधार न्यायालयाला तपासता येईल. आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांनी संमती देईपर्यंत विधानसभा विसर्जित करता येणार नाही. १९७७ साली वापरलेली दोन महिन्यांची पळवाट या शेवटच्या नियमाने बंद झाली. हा निकाल कोणत्याच पक्षाला संपूर्णपणे रुचणारा नव्हता. कर्नाटकाबरोबरच नागालँड व मेघालय येथील कारवाया त्याने घटनाबाह्य ठरवल्या. पण बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर डिसेंबर १९९२ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान व हिमाचल प्रदेश येथील भारतीय जनता पक्षाच्या मंत्रिमंडळांविरुद्ध झालेली कारवाई धर्मनिरपेक्षतेच्या आधारावर वैध मानली.

यानंतर पक्षांचा स्वभाव बदलला असे मात्र नाही. १९९२ च्या कारवाईचा निषेध करणाऱ्या पक्षाच्या नेतृत्वाखालील केंद्र सरकारने फेब्रुवारी १९९९ मध्ये बिहारचे राबडीदेवी मंत्रिमंडळ बडतर्फ केले. राज्यसभेत बहुमत नसल्याने ८ मार्च रोजी त्याला ती कारवाई मागे घ्यावी लागली. २००५ साली काँग्रेसच्या नेतृत्वाखालील सरकारने बिहारची नवी विधानसभा एकदाही भरण्यापूर्वी विसर्जित केली आणि न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. २०१६ साली उत्तराखंड आणि अरुणाचल प्रदेश येथील काँग्रेसची मंत्रिमंडळे न्यायालयाच्या हस्तक्षेपाने परत आली. फरक पडला तो एवढाच, की आता अशा प्रत्येक प्रसंगी सभागृहातील मतदानाची मागणी पुढे करता येते, आणि ती कोणी केली हे न पाहता तिचा विचार करावा लागतो.

ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात कल्याणसिंग यांनी विधानसभेतील प्रचंड गोंधळात व हाणामारीत विश्वासदर्शक ठराव जिंकला. ठराव जिंकूनही, राज्यपालांच्या अहवालावरून, तेथे राष्ट्रपती राजवट आणावी अशी शिफारस इंद्रकुमार गुजराल यांच्या मंत्रिमंडळाने केली. राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी ती फेरविचारासाठी परत पाठवली आणि मंत्रिमंडळाने ती सोडून दिली. ज्या मंत्रिमंडळाची ती शिफारस होती त्यात मनुष्यबळ विकास खात्याचे मंत्री होते एस. आर. बोम्मई.